नव्या पंपाला वारं लागू नये म्हणून

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. नाहीतरी आमच्या गल्लीत हा किस्सा प्रत्येकाने पदरचा मीठमसाला घालून सांगून झालाय. एकीने तर मी मशिनीला टोपडं घालून पाळण्यात निजवलं होतं इथपर्यंत नेलं! टोपडं नव्हतं हो. जे होतं ते वेगळंच होतं. येईलच पुढे.

मी मुळातच घाबरट. त्यात पहिलटकरीण. आमची चिऊ तेव्हा नऊ महिन्यांची होती. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे, श्वास चालू आहे ना? ती शिंकली की माझी सुंठ उगाळून तयार. बाळंतपणात माझ्या आईने मला नांदगावला सव्वा महिना कानात कापसाचे बोळे आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधून बसवलं होतं. "वारं लागतं गं, वारं! एकदा शिरलं की जन्मभर निघत नाही." ते माझ्या डोक्यात असं काही बसलं की घरात कुठे भोक दिसलं, की मला वाटतं याच्यात बोळा घालावा. खिडकीच्या फटीत कागद, मोरीच्या पाईपला फडकं, किल्लीच्या भोकात कापूस. आमचे हे, म्हणजे माझे मालक, संदीप नाव त्यांचं. ते म्हणतात, "तुझं चाललं तर पंचवटीच्या गोदावरीलाही बूच मारशील."

आता मशिनीचं सांगते. यांनी कंपनीतली तिसरी पाळी सोडून एक जुना छोटा लोडर घेतला. स्किड लोडर म्हणतात त्याला. खोदायच्या मोठ्या पिवळ्या मशिनीचं पिल्लू समजा. पुढे बकेट, मध्ये पिंजऱ्यात बसलेला माणूस. आणि वळते कशी? वळत नाहीच! जागच्या जागी गर्रकन फिरते, फुगडी घातल्यासारखी. माती उचल, विटांचा राडा भर, अशी कामं गंगापूर रोडला नव्या बिल्डिंगांच्या साइटवर मिळायची. पण बकेटवाले आता गल्लोगल्ली झालेत.

तेवढ्यात देवळ्याच्या भाऊसाहेबांचं काम आलं. त्यांना कांद्याच्या तीन चाळी बांधायच्या होत्या. खांबांसाठी खड्डे हवे होते, एका रेषेत, एका मापाचे, आणि उन्हाळी कांदा निघायच्या आत. यांनी लगेच लोडरच्या पुढे लावायचं भलंमोठं गिरमिट आणलं. लावून बघितलं तर काय! गिरमिट फिरतंय कसलं, देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हातारबुवासारखं थांबत, दम खात चाललंय. ओली माती लागली की तिथेच बसकण!

"अहो, बिघडलंय का ते?" मी विचारलं.

"बिघडलं नाही. याला जोर तेलाचा लागतो. मशीनमधला पंप तेल ढकलतो, त्या तेलाने गिरमिट फिरतं. आपला पंप जुना, धार बारीक. दुसऱ्या मजल्यावरच्या नळाखाली बादली लावल्यासारखं आहे. गिरमिटाला पाहिजे जाड धार."

मग ठरलं. मोठा पंप बसवायचा, जाड होज पाईप टाकायचे, आणि तेल तापू नये म्हणून वेगळा कुलर लावायचा. हे करायला आले हुसेनचाचा. मालेगावकडचे, पांढरी दाढी, हातावर कायम ग्रीस. त्यांनी आधी इंजिनला कान लावला, मग यांना म्हणाले, "देख बेटा, घोडा तोच राहणार, टांगा मोठा होणार. म्हणून लय मोठा पंप नाय लावायचा. मापात घेऊ." मला माणूस आवडला. मापात घेणारी माणसं मला आवडतात.

शुक्रवारी सकाळी आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काम सुरू झालं. शनिवारी सकाळी सातला मशीन देवळ्याला पोचायला पाहिजे होती. भाऊसाहेबांचा फोन आदल्या दिवसापासून चालू. "संदीपभाऊ, मानसं सातला येनार हायेत. खांब येऊन पडलेत. तुमची मशीन नाय आली, तर मी ट्रॅक्टरवाल्याला सांगतो. मंग म्हनू नका भाऊसाहेबाने शब्द मोडला!"

यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे काम गेलं तर मी सोमवारी कंपनीत जाऊन उभा राहतो. घेतील परत तिसऱ्या पाळीला."

माझ्या पोटात खड्डाच पडला, गिरमिटाशिवाय. तिसरी पाळी म्हणजे काय ते मला विचारा. हे दिवसा झोपणार, रात्री गायब. मी, सासूबाई आणि चिऊ, आणि रात्रभर पत्र्यावर उड्या मारणारं मांजर. मी मनात म्हटलं, या मशिनीला काही होऊ द्यायचं नाही. आणि हेच, बघा, हेच चुकलं.

दुपारपर्यंत जुना पंप निघाला. होज पाईप सुटे होऊन लोंबत होते. एका पाईपचं टोक कारखान्यातून प्रेसवर दाबून आणायचं होतं, म्हणून हे आणि चाचा गाडीवर निघाले. जाताना चाचांनी प्रत्येक उघड्या पाईपच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून बांधली आणि मला बजावलं, "सुनबाई, लक्ष ठेव. रेतीचा एक दाणा आत गेला ना, नवा पंप खाऊन टाकेल."

एक दाणा! अशा बाईला असं सांगतात का हो?

मी खुर्ची घेऊन प्लॉटच्या कडेलाच बसले. मांडीवर चिऊ, खांद्यावर तारेवरून काढलेले तिचे वाळलेले कपडे. जानेवारीचं ऊन, छान लागत होतं. पण माझी नजर पिशव्यांवर. आणि घातली ना वाऱ्याने एक गिरकी! समोरच्या साइटवरची सगळी धूळ आमच्या प्लॉटवर. माझ्या डोळ्यांत माती, तोंडात माती. किलकिल्या डोळ्यांनी बघते तर सगळ्यात जाड काळ्या पाईपवरची पिशवी उडून कुंपणाला अडकलेली, आणि पाईप आ वासून धुळीकडे बघतोय!

मी चिऊला सतरंजीवर ठेवलं आणि धावले. डोळे मिटलेलेच. खांद्यावरच्या कपड्यांतलं हाताला आलं ते चिरगूट ओढलं आणि घातला पाईपच्या तोंडात बोळा. पण बोळा सैल वाटला. सैल बोळ्याचा काय उपयोग? आई म्हणायची, अर्धा बोळा म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. म्हणून घरातून लाटणं आणलं आणि त्याच्या टोकाने बोळा चांगला आत ठासला. मग कुंपणावरची पिशवी आणून झटकली, तोंडावर लावली, वरून दोन रबरं. हं! आता ये म्हणावं वाऱ्याला!

स्वतःवर इतकी खूश झाले मी. म्हटलं, चाचा आले की सांगायचं, आत फडकं आहे, काढून घ्या.

मागे वळले तर चिऊ सतरंजीवर नाही! ती रांगत पंपाजवळ. एका मुठीत लोखंडी वॉशर, आणि तोंड हलतंय. हलतंय!

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यात नव्हताच असं समजा. तोंडात बोट घातलं, काही नाही. उलटी करून पाठ थोपटली, काही नाही. "सासूबाई, वॉशर गिळला हो पोरीने!" असं ओरडत रिक्षा पकडली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी घसा बघितला, पोट बघितलं, आणि चिऊच्या जिभेवरून एक शेंगदाण्याचं साल काढून माझ्या हातावर ठेवलं.

"हे गिळलं असतं तरी चाललं असतं," डॉक्टर म्हणाले. "पाणी तुम्ही प्या."

परत आले तेव्हा हे आणि चाचा येऊन, पिशव्या काढून, पाईप बसवून, क्लॅम्प आवळून मोकळे झाले होते. नवा पंप मशिनीच्या पोटात. टाकीत नवं तेल. सासूबाईंनी नारळसुद्धा फोडलेला. आणि माझ्या डोक्यात? माझ्या डोक्यात फक्त शेंगदाण्याचं साल. पाईप, बोळा, लाटणं, सगळं पुसून गेलेलं, पाटी धुतल्यासारखं.

यांनी सेल्फ मारला. इंजिन धडधडलं. चाचांनी गिरमिटावर खडूने पांढरी रेघ ओढली होती, म्हणजे फेरे मोजता येतील. सगळे फेरे मोजायला सज्ज.

एक फेरा झाला. अर्धा झाला. थांबला.

आणि पंपातून असा आवाज यायला लागला की काय सांगू! "कींऽऽऽ... कींऽऽऽ..." दात कोरताना डॉक्टरांचं मशीन करतं तसा, पण रडवा.

"बंद कर, बंद कर!" चाचा ओरडले. "हवा पकडतोय कुठंतरी."

सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले. तेल बघितलं, भरपूर. फिल्टर बघितला, नवा कोरा. पुन्हा सेल्फ. पुन्हा कींऽऽऽ. तेलावर साबणासारखा फेस. जुना पंप निदान म्हातारबुवासारखा फिरवत तरी होता, नव्याने बुवांना खालीच बसवलं.

यांचा चेहरा उतरला. आणि मी, जिने गप्प बसायला पाहिजे होतं ती मी, म्हणाले, "अहो, पंपच खोटा असेल. तो पंप देणारा माणूस बोलताना नजरेला नजर देत नव्हता. मला तेव्हाच वाटलं होतं."

झालं! यांनी पंपवाल्याला फोन लावला. "जुना पंप रंगवून दिलात का हो आम्हाला?" तो माणूस एवढा चिडला की म्हणाला, तिथेच थांबा, मी येतो. तिथेच थांबण्याशिवाय आम्ही तरी कुठे जाणार होतो?

इकडे घरात वेगळंच. संध्याकाळची थंडी पडायला लागली म्हणून मी चिऊच्या पायात मोजे घालायला घेतले, तर एकच! लाल मोजे, वर पिवळा गोंडा, माझ्या आईने नांदगावहून विणून पाठवलेले. मी तारेखाली शोधलं, सतरंजी झटकली, दवाखान्यात फोन केला. नाही म्हणजे नाही.

सासूबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "लेकराचा कपडा असा जाऊ देऊ नये गं. कोणी नेला असेल तर?"

"कोण नेणार एक मोजा?"

"एकच नेतात."

झोप उडवायला एवढं पुरे होतं, आणि अजून तर दिवस मावळायचा होता. मला आठवलं, शेजारच्या काकू कालच म्हणाल्या होत्या, किती गोड मोजे! मी कढीपत्ता मागायच्या निमित्ताने त्यांच्या अंगणात गेले आणि त्यांच्या तारेवरचा कपडा न् कपडा उलटून पाहिला.

"कढीपत्ता तारेवर वाळत घालत नाही गं आम्ही," काकू मागून म्हणाल्या.

मी लाल होऊन परत आले. तोवर सासूबाईंनी निष्कर्ष काढला होता. मोजा गेला आणि मशीन बसली, एकाच दिवशी! दोन्ही एकाच नजरेचं काम. मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन त्यांनी आधी चिऊची दृष्ट काढली, मग पदर खोचून लोडरसमोर उभ्या राहिल्या आणि त्याच्याभोवती हात फिरवायला लागल्या. निखाऱ्यावर टाकलेल्या मिरच्यांचा खाट सगळ्या प्लॉटवर. चाचा खोकतायत, हे खोकतायत, आणि नेमका तेव्हाच पंपवाला गाडीवरून उतरला. तोही खोकायला लागला.

"अहो आई," हे कळवळून म्हणाले, "तिला तेल लागतंय, मिरच्या नाही!"

पंपवाला आमच्याकडे बोट करून म्हणाला, "मशीनला मिरच्या ओवाळता आणि नाव माझ्या पंपाचं घेता? काढा बाहेर. माझा पंप खराब निघाला तर मी धंदा सोडतो!"

"आणि नाही निघाला तर?" यांनी विचारलं.

"तर तुम्ही सोडा!"

तेवढ्यात फोन वाजला. भाऊसाहेब. यांनी तो घेतलाच नाही. नुसते फोनकडे बघत राहिले. ते बघून मला रडूच यायला लागलं. डोळ्यांपुढे तिसरी पाळी आणि पत्र्यावरचं मांजर.

करायला काही नव्हतं म्हणून यांना दोन पोळ्या करून वाढल्या आणि सगळ्यांना चहा टाकला. कप घेऊन गेले तेव्हा चाचा शेवटचं म्हणून मशीन चालू करून बघत होते. कींऽऽऽ. काखेतली चिऊ दचकली. आणि तो आवाज ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. हा आवाज मी ऐकलाय! आमच्या घरात ऐकलाय!

"चाचा," मी म्हटलं, "हा भुकेचा आवाज आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे असं, मागच्या महिन्यात चिऊच्या बाटलीच्या बुचात नाचणीची गुठळी अडकली होती. बाटली भरलेली, पोरगी ओढतेय, ओढतेय, तोंडात नुसती हवा. पोटात फेस, आणि अस्सं रडणं. मला आधी वाटलं पोट दुखतंय. पण पोट चांगलं होतं, बूच बंद होतं. तुमचा पंप चांगला असेल हो. त्याला प्यायलाच मिळत नसेल. टाकीतून त्याच्याकडे येणारा पाईप कुठला?"

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या जाड काळ्या पाईपकडे बघितलं. मग माझ्याकडे. "या अल्ला," ते म्हणाले, "चाळीस साल झाले मला या कामात, आणि ही पोरगी आवाजावरून सांगते!"

पंपवाला तर हातच जोडायला लागला. "वहिनी, तुम्ही देव आहात. माझी इज्जत वाचवलीत. किती शिकलात?"

"सातवी," मी म्हटलं, आणि मान अशी काही ताठ केली की बस.

यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "अगं, तुझ्या डोक्यात आलंच कसं हे? मी उगीच तुला घाबरट म्हणतो."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "दृष्ट काढली म्हणून सुचलं तिला."

मी म्हटलं, "कोणीतरी निष्काळजीपणा केलेला दिसतोय, चाचा. बघा तरी काय घातलंय आत!" हो, हे मीच म्हटलं. ह्या तोंडाने. आणि पुढे आणखी म्हटलं, "असल्या माणसाच्या हातात मशीन देऊच नये."

चाचांनी क्लॅम्प सोडला, तेल डब्यात काढलं, पाईपच्या वाकणात बॅटरी मारली. "है, है! काहीतरी है!" लांब पक्कड घातली. पिळलं. ओढलं. तेलाने काळंकुट्ट झालेलं, निथळणारं काहीतरी लांबडं बाहेर आलं.

"उंदीर!" सासूबाई दोन पावलं मागे.

चाचांनी ते पक्कडीत धरून उजेडाकडे केलं. उंदराच्या शेपटीच्या जागी एक पिवळा गोंडा लोंबत होता.

गोंड्यावरून तेलाचा थेंब पडला. टप्प. यांनी मोज्याकडे बघितलं. मग चिऊच्या उघड्या पायाकडे. मग माझ्याकडे. मी आभाळाकडे.

आणि सासूबाई इतक्या आनंदाने ओरडल्या की सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "अगो बाई! सापडला गं मोजा! आणि तू उगीच काकूंवर संशय घेतलास!"

कुंपणाच्या पलीकडे काकू उभ्याच होत्या.

मग मला सगळं सांगावं लागलं. धूळ, बोळा, लाटणं. "लाटण्याने?" चाचांनी तीनदा विचारलं. "लाटण्याने ठासला?" पंपवाला खाली बसून हसत होता. हे मात्र हसले नाहीत. ते घरात गेले, लाटणं घेऊन आले आणि नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"तरीच," ते म्हणाले, "संध्याकाळची पोळी मला वेगळी लागली."

तेव्हा कुठे मला हसावं की रडावं ते कळलं. मी दोन्ही केलं.

चाचांनी पाईप धुतला, पंपाचं तोंड उघडून लोकरीचा धागा गेलाय का ते बोट फिरवून बघितलं, फिल्टर बदलला. मोजा वाकणातच अडकला होता, पुढे गेला नव्हता. आईचं विणकाम घट्ट होतं म्हणून वाचलो, नाहीतर धागे पंपात गेले असते. नवं तेल भरलं आणि सेल्फ मारला. कीं नाही की कां नाही. गिरमिटावरची खडूची रेघ दिसेनाशीच झाली, एवढं गरगर फिरलं ते! यांनी तिथूनच भाऊसाहेबांना फोन लावला, "निघतो पहाटे."

देवळ्याचं काम झालं, तिथल्या आणखी दोघांचंही आलं. तिसऱ्या पाळीचं नाव पुन्हा निघालं नाही. पंपवाल्याला यांनी घरी जेवायला बोलावलं, तर तो म्हणाला, येतो, पण पोळ्या हॉटेलातून आणा.

काकूंना मी स्वतः कढीपत्त्याचं रोपटं नेऊन दिलं.

मध्यंतरी चाचा सर्व्हिसिंगला आले होते. मी लांब उभी, हात मागे बांधून. काम झालं, पाईप बसले, हे पिंजऱ्यात चढले आणि किल्लीला हात घातला. चाचांनी हात वर केला. "रुक!" ग्रीसचे हात पुसत पुसत ते माझ्याकडे आले, चिऊसमोर उकिडवे बसले आणि एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बेटी, पाय दाखव."

चिऊने दोन्ही पाय हवेत उडवले.

"एक... दोन. बराबर हाय," चाचा ओरडले. "मार सेल्फ!"

तेव्हापासून आमच्याकडे मशीन चालू करायच्या आधी तेल बघतात, पाणी बघतात, आणि चिऊचे पाय बघतात. तेल-पाणी एखाद्या दिवशी विसरतात. पाय नाही.